त्रेपन्नाव्या वर्षी बदललेला डाव

मी बास्केटबॉलवर बोलणार आहे हे कळल्यावर आमच्या घरात आधी सगळे हसले. कविता लिहिणारा माणूस, उंची पाच फूट चार इंच, डोळ्यांवर जाड चष्मा; याचा आणि बास्केटबॉलचा काय संबंध? पण माझं लहानपण मुंबईत नागपाड्याला गेलं. सगळी मुंबई गल्लीबोळांत क्रिकेट खेळत होती, तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ झाली की तो मोठा चेंडू फरशीवर आपटल्याचा आवाज सुरू व्हायचा. भारताच्या बास्केटबॉल संघाचं नेतृत्व केलेले, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर याच भागातले. ज्यांना खेळता येई ती मुलं कोर्टवर असत, आणि ज्यांना येत नसे ती कठड्यावर बसून त्यांना सल्ले देत. मी कठड्यावरचा.

अब्बा रत्नागिरीकडचे. घरात बोली कोकणी, शाळा महापालिकेची मराठी, आणि मोहल्ला उर्दूचा. अशा त्या मोहल्ल्यात १९८० च्या दशकात एकदा कुणीतरी परदेशी मासिक घेऊन आला. त्यात सात फूट दोन इंच उंचीच्या एका अमेरिकन खेळाडूचा फोटो होता आणि खाली नाव होतं करीम अब्दुल-जब्बार. आमचा विश्वासच बसेना. आमच्या बिल्डिंगीत दोन करीम होते, एक टॅक्सीवाला आणि एक बेकरीवाला. त्या आठवड्यात दोघांनाही फुकटचा मान मिळाला. पुढं कळलं, की अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सर्वांत जास्त गुण याच माणसाच्या नावावर आहेत. त्याचा ३८,३८७ गुणांचा विक्रम थेट फेब्रुवारी २०२३ पर्यंत टिकला.

मोठ्या शिष्याचा माग काढत गेलं की त्याचा मास्तर सापडतो. तसे मला जॉन वुडन सापडले. आणि वुडन यांच्याबरोबर एक प्रश्न सापडला. एखाद्यानं उभं आयुष्य एका रीतीनं शिकवलं, त्यात नाव कमावलं, आणि पन्नाशी उलटल्यावर त्याला कुणी म्हणालं, ‘सर, आता ही रीत बदला,’ तर त्यानं ती बदलावी का?

हा प्रश्न मला आताच का पडला तेही सांगतो. आमच्याकडे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी काव्यवाचनाची बैठक भरते. गेली तीस वर्षं मी माझ्या कविता तिथं चालीवर म्हणतो. मागच्या वर्षी पंचविशीतली एक मुलगी चहाच्या वेळी मला म्हणाली, ‘सर, तुमची चाल छान आहे, पण चालीखाली शब्द दबतात. एकदा नुसतं वाचून बघा ना.’ मी हसलो. तिच्या कवितेचं कौतुक वगैरे केलं. घरी आल्यावर मात्र दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. शेतकऱ्याचं घर, घरात वीज नाही, पण वडील रात्री दिव्याच्या उजेडात मुलांना कविता वाचून दाखवत. पर्ड्यू विद्यापीठातून १९३२ मध्ये इंग्रजी घेऊन ते पदवीधर झाले. तिथं ते देशातल्या उत्कृष्ट खेळाडूंत गणले गेले होते. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि संध्याकाळी मुलांना खेळवलं. तेव्हा हा माणूस मुळात भाषेचा मास्तर. माझ्यासारख्याला तो जवळचा वाटतो तो यामुळे.

महायुद्धात नौदलात राहून परतल्यावर ते इंडियाना स्टेट या लहानशा कॉलेजात प्रशिक्षक झाले. १९४७ मध्ये त्यांच्या संघाला कॅन्सस सिटीतल्या एका राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं. त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. तो काही मोठा खेळाडू नव्हता, राखीव होता. त्याला घरी ठेवून जाता आलं असतं. वुडन यांनी आमंत्रणच नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली, वॉकर खेळला आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. वुडन यांनी त्यावर भाषण केलं नाही. हा त्यांचा स्वभाव पुढंही दिसतो. जे करायचं ते गुपचूप करायचं. त्याचा फायदाही झाला आणि तोटाही. तोट्याकडे मी येणारच आहे.

१९४८ मध्ये ते लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. यूसीएलए म्हणतात ते हेच. तिथं धड व्यायामशाळा नव्हती. एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कुस्ती आणि कसरत करणाऱ्या मुलांच्या शेजारी सराव चाले. घामाच्या वासावरून मुलांनी त्या जागेला नाव ठेवलं होतं. सरावाआधी फरशी पुसण्याचं काम स्वतः मुख्य प्रशिक्षक करत. सामने कधी या कॉलेजच्या, कधी त्या हायस्कूलच्या हॉलमध्ये भाड्यानं.

अमेरिकेतला कॉलेजचा प्रशिक्षक ही वेगळीच गोष्ट आहे, ती समजून घ्यायला हवी. आपल्याकडचा पी. टी. चा शिक्षक तिथं शहराचा मोठा माणूस असतो. हॉल दहा-पंधरा हजार माणसांनी भरतो आणि मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा आली की देश टीव्हीसमोर बसतो. पण खेळाडू तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. प्रशिक्षक तोच राहतो. म्हणजे मुलं कायम विशीची आणि मास्तर मात्र दरवर्षी एका वर्षानं म्हातारा. बदलावं की न बदलावं हा प्रश्न त्याच्या नोकरीतच असतो. आपण त्याला चाळिशीत किंवा पन्नाशीत भेटतो. त्याला तो दर ऑक्टोबरात भेटतो.

वुडन यांची रीत काय होती? पहिल्या दिवशी ते नव्या मुलांना समोर बसवत आणि पायमोजे कसे घालायचे ते शिकवत. खरंच. मोजा टाचेवर आणि बोटांवर कसा ताणून बसवायचा, एकही सुरकुती राहू द्यायची नाही, मग बुटाच्या नाड्या कशा ओवायच्या. देशातली सर्वांत गाजलेली पोरं अवाक होऊन एकमेकांकडे बघत. कारण साधं होतं. सुरकुतीनं फोड येतो आणि फोड आलेला खेळाडू नीट धावत नाही. सरावाचा प्रत्येक मिनिट आधी लिहून काढलेला असे आणि ती कार्डं ते वर्षानुवर्षं जपून ठेवत. शिवी चालणार नाही. वेळेला एक मिनिट उशीर चालणार नाही. पाठीमागून पास, हवेतली कसरत असले दिखाऊ प्रकार चालणार नाहीत.

या रीतीनं संघ चांगला झाला. पहिल्याच हंगामात २२ विजय मिळाले. पण राष्ट्रीय विजेतेपद काही येईना. पाच वर्षं गेली, दहा गेली, पंधरा गेली. १९५९-६० च्या हंगामात तर १४ विजय आणि १२ पराभव. वुडन तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. माणूस प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, मुलांना वळण लावतो, पण यापुढं त्याची मजल नाही, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला चूक म्हणता आलं नसतं.

इथं मला हा माणूस आवडायला लागतो. त्या हंगामानंतर त्यांनी आपली जुनी कार्डं काढली आणि आपण कुठं चुकतो ते तपासलं. मुलांना दोष दिला नाही, नशिबालाही नाही. त्यांना दिसलं, की आपण सरावात मुलांना इतकं पिळतो, की महत्त्वाचे सामने येईपर्यंत ती थकलेली असतात. आणि बरोबर खेळायला जे सात-आठ जण लागतात, त्यांची एकमेकांशी सवय होण्याइतका वेळ आपण देत नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी बदलल्या. बाहेरून कुणाला दिसलंही नसेल.

मग वॉल्ट हॅझर्ड आला. हा फिलाडेल्फियाचा मुलगा. त्याचे पास असे, की ज्याला मिळायचे त्यालाच पत्ता लागायचा नाही. चेंडू छातीवर, तोंडावर आदळायचा. वुडन यांनी त्याला बाकावर बसवलं. तो इतका दुखावला, की घरी परत जायला निघाला होता, वडिलांनी थांबवलं. पुढं दोघंही थोडे थोडे सरकले. हॅझर्डनं चमकोगिरी कमी केली, आणि वुडन यांनी बाकीच्यांना सांगितलं, याचा पास कधीही येईल, हात तयार ठेवा. म्हणजे नियम मोडला नाही, पण नियमाच्या कडा घासून मऊ केल्या. १९६२ मध्ये संघ प्रथमच शेवटच्या चारांत पोहोचला आणि सिनसिनाटीकडून अवघ्या दोन गुणांनी, ७०-७२ असा हरला.

खरी परीक्षा मात्र १९६३ मध्ये झाली. राष्ट्रीय स्पर्धेत अॅरिझोना स्टेटनं संघाचा ९३-७९ असा फडशा पाडला. त्यानंतर वुडन यांचे सहायक जेरी नॉर्मन एक सूचना घेऊन आले. नॉर्मन हे वुडन यांचेच जुने विद्यार्थी. खेळत होते तेव्हा जिभेला हाड नव्हतं, त्यापायी मास्तरांशी खटके उडालेले. असा माणूस त्रेपन्नाव्या वर्षाकडे झुकलेल्या मास्तरांना सांगत होता, की सर, आपण सगळा बचाव बदलू या.

सूचना काय होती? बास्केटबॉलचं कोर्ट चौऱ्याण्णव फूट लांब. एका संघानं बास्केट केली, की दुसरा संघ आपल्या टोकाकडून चेंडू आत घेऊन निघतो. रीत अशी, की बास्केट करणारा संघ लगेच मागं धावतो, आपल्या रिंगखाली जातो आणि तिथं त्यांची वाट बघतो. त्या काळी कॉलेजच्या खेळात अमुक इतक्या सेकंदांत चेंडू रिंगकडे टाकलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. ते घड्याळ १९८५ मध्ये आलं. त्यामुळे एखाद्या उंच आणि संथ संघानं ठरवलं, तर तो चेंडू आरामात फिरवत, हवी ती संधी मिळेपर्यंत वेळ काढत बसे. यूसीएलएची पोरं बुटकी. सुरुवातीच्या पाच जणांत सहा फूट पाच इंचांवर एकही नाही. थांबून खेळायचं म्हटलं तर उंचीपुढं चालणार नाही.

नॉर्मन म्हणाले, मागं धावायचंच नाही. तिथंच, त्यांच्या दारात उभं राहायचं. दोघं अगदी पुढं, दोघं मध्ये, आणि एक सगळ्यांत मागं राखणीला. एकेका माणसाला चिकटायचं नाही, जागा अडवायची. चेंडू दहा सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यावाच लागतो हा नियम होता. त्या दहा सेकंदांत समोरच्याला असं कोंडायचं, की गर्दीच्या वेळी दादरच्या जिन्यावर सापडलेल्या माणसाला पुढं जाता येत नाही आणि मागंही, तशी त्याची गत व्हावी. याला झोन प्रेस म्हणतात. चेंडू हिसकावून घेणं हा यातला मुख्य हेतू नव्हताच. समोरच्याला घाई करायला लावणं हा होता. संथ संघ एकदा पळायला लागला, की तो आपला खेळ सोडून तुमचा खेळ खेळू लागतो.

वुडन यांना हे नवीन नव्हतं. पूर्वी त्यांनी हा प्रकार करून पाहिला होता आणि सोडून दिला होता. मला वाटतं, हेच जास्त कठीण असतं. जी गोष्ट ठाऊकच नाही ती स्वीकारताना मान खाली जात नाही. जी आपण एकदा टाकून दिली ती दुसऱ्याच्या हातून परत घ्यायची, तीही आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या हातून, म्हणजे ‘तेव्हा मी धीर सोडला होता’ हे कबूल करणं आलं.

त्यांनी ते केलं. १९६३-६४ च्या हंगामात यूसीएलए तीस सामने खेळली आणि तीसही जिंकली. सामन्यात एखाद-दुसरा मिनिट असा यायचा, की समोरच्याचा धीर सुटायचा आणि गुणांचा पाऊस पडायचा. २१ मार्च १९६४ ला कॅन्सस सिटीत ड्यूकशी अंतिम सामना झाला. ड्यूककडे सहा फूट दहा इंचांचे दोन खेळाडू होते. काही वेळ ते पुढंही होते. मग अडीच-एक मिनिटांत यूसीएलएनं ओळीनं सोळा गुण केले आणि ड्यूकचा एकही झाला नाही. निकाल ९८-८३. केनी वॉशिंग्टन नावाच्या राखीव खेळाडूनं २६ गुण काढले. ज्या शहरात सतरा वर्षांपूर्वी एका राखीव मुलासाठी वुडन यांनी जायचं नाकारलं होतं, ते हेच शहर.

एक गोष्ट मात्र नमूद करायला हवी. जिंकल्यामुळे बदल शहाणपणाचा ठरतो. हीच पोरं त्या मार्चमध्ये हरली असती तर लोक म्हणाले असते, म्हातारपणी याला काय सुचलं, पोरासोरांचं ऐकून हातचं घालवलं. म्हणून निकालावरून मी या बदलाचा न्याय करत नाही. मला त्यातलं ऐकून घेणं महत्त्वाचं वाटतं.

न ऐकणाऱ्याचंही उदाहरण त्याच काळात आहे. केंटकी विद्यापीठाचे अॅडॉल्फ रप १९३० पासून प्रशिक्षक होते. चार राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर होती. खेळाच्या ज्ञानात ते वुडन यांना हार जाणारे नव्हते, कदाचित वरचढच. पण दक्षिणेकडचं राज्य, आणि संघात सगळे गोरे. विद्यापीठाचे अध्यक्ष सांगत होते, कृष्णवर्णीय मुलं घ्या. रप यांनी केलेले प्रयत्न फारसे मनापासूनचे नव्हते असं बरेच जण म्हणतात. १९ मार्च १९६६ ला त्यांचे पाच गोरे खेळाडू अंतिम सामन्यात टेक्सस वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंसमोर उभे राहिले आणि ६५-७२ असे हरले. अमेरिकेच्या क्रीडा-इतिहासात हा सामना एखाद्या कायद्यासारखा सांगितला जातो. त्यानंतरही रप यांच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९६९ उजाडलं. १९७२ मध्ये सत्तराव्या वर्षी नियमानं त्यांना निवृत्त व्हावं लागलं, ८७६ विजय नावावर घेऊन. ते मनानं वंशद्वेष्टे होते, की आपल्या प्रांताचे आणि काळाचे कैदी, यावर तिथं आजही वाद आहे. २०२० मध्ये त्यांचं नाव क्रीडागृहावरून काढावं अशी मागणी तिथल्याच काही प्राध्यापकांनी केली होती. मी इतकंच म्हणेन, की खेळाचे डाव त्यांनी आयुष्यभर बदलले. जे बदलायला हवं होतं ते डावांत नव्हतं.

आता करीमकडे येतो. तेव्हा त्याचं नाव लू अल्सिंडर होतं, न्यूयॉर्कचा. १९६५ मध्ये तो यूसीएलएत आला. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळू देत नसत, त्यांचा वेगळा संघ असे. २७ नोव्हेंबर १९६५ ला विद्यापीठाचं नवं क्रीडागृह सुरू झालं, तेव्हा पहिल्या वर्षाच्या त्या पोरांनी मुख्य संघाला, म्हणजे लागोपाठ दोनदा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या संघाला, ७५-६० असं हरवलं. वुडन एका संध्याकाळी हरलेल्या संघाचेही प्रशिक्षक होते आणि जिंकलेल्या मुलांचेही होणारे मास्तर.

आणि पुन्हा तोच प्रश्न आला. बुटक्या, चपळ पोरांसाठी बसवलेली रीत सात फुटी मुलाला कशी चालणार? वुडन यांनी याआधी एवढ्या उंच खेळाडूला शिकवलं नव्हतं. वय पंचावन्न. दोन विजेतेपदं खिशात असताना त्यांनी आक्रमणाची मांडणी मुळापासून बदलली. अल्सिंडरला रिंगजवळ उभं करून बाकीचा खेळ त्याच्याभोवती फिरवला. १९६७, १९६८, १९६९, तीन वर्षांत तीन विजेतेपदं, ८८ विजय आणि फक्त दोन पराभव. १९६७ नंतर कॉलेजच्या खेळात चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्यावर, म्हणजे डंकवर, बंदी आली. ती अल्सिंडरसाठीच आहे असं सगळे समजले, तोही. वुडन यांनी त्याला सांगितलं, की यानं तू आणखी चांगला खेळाडू होशील. तो चिडला होता. पण डोक्यावरून हात वळवून मारायचा त्याचा तो प्रसिद्ध हुक-शॉट त्या बंदीच्या वर्षांत घासून लखलखीत झाला.

जानेवारी १९६८ मध्ये ह्यूस्टननं त्यांना बावन्न हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर दोन गुणांनी हरवलं. मार्चमध्ये उपान्त्य फेरीत तोच संघ पुन्हा समोर आला. ह्यूस्टनच्या एल्विन हेजसाठी खास बचाव आखू या, असा आग्रह पुन्हा नॉर्मन यांचाच. प्रतिस्पर्ध्यासाठी आपला खेळ बदलायचा नाही, हे वुडन यांचं जुनं तत्त्व. त्यांनी तेही बाजूला ठेवलं. हेजला जेमतेम दहा गुण मिळाले आणि यूसीएलए १०१-६९ अशी जिंकली.

पण माझ्या दृष्टीनं या दोघांची गोष्ट कोर्टबाहेरची आहे. करीमनं लिहिलं आहे, की एकदा एका हॉटेलातून बाहेर पडताना एका म्हाताऱ्या बाईनं त्याच्याकडे बघून, वुडन यांच्या समोरच, त्याच्या रंगाचा उल्लेख अत्यंत घाणेरड्या शब्दानं केला. वुडन यांचा चेहरा लाल झाला. आणि ते काहीच बोलले नाहीत. शब्दांच्या मास्तरला शब्द सापडले नाहीत. मी मघाशी तोटा म्हणालो तो हा. गुपचूप काम करणाऱ्या माणसाची सवय अशी एखाद्या क्षणी नडते.

१९६८ मध्ये अल्सिंडरनं मेक्सिको ऑलिंपिकला जायला नकार दिला. ज्या देशात आपल्या माणसांना असं वागवतात त्या देशासाठी का खेळायचं, हा त्याचा सवाल होता. देशभरातून शिव्या आल्या. वुडन जुन्या वळणाचे, चर्चला नेमानं जाणारे देशभक्त. त्यांना हे पटलं नसेल असं करीमला तेव्हा वाटलं. मास्तर तर काही बोललेच नाहीत. पुष्कळ वर्षांनी करीमच्या हाती एक पत्र आलं. एका बाईनं त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती, तिला वुडन यांनी दिलेलं उत्तर. गोऱ्या लोकांच्या बोलण्यानं हा मुलगा किती दुखावला गेलाय हे मी पाहिलंय, अशा आशयाचं. म्हणजे त्या दिवशी हॉटेलाच्या दारात ते गप्प राहिले होते, पण विसरले नव्हते. पत्र लिहिलं, आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्याला सांगितलंही नाही. हे वाचताना मला आधी भरून आलं आणि मग रागही आला. अहो, त्या पोराला तेव्हा सांगायचं होतं!

त्याच वर्षी अल्सिंडरनं इस्लाम स्वीकारला. नवं नाव त्यानं जगापुढं १९७१ मध्ये ठेवलं. मजा अशी, की वॉल्ट हॅझर्ड आणि कीथ विल्क्स हे वुडन यांचे आणखी दोन नावाजलेले विद्यार्थीही पुढं मुसलमान झाले. चर्चमध्ये जाणाऱ्या या मास्तरनं त्यांच्याशी नातं तोडलं नाही. करीमची आणि त्यांची मैत्री तर मरेपर्यंत टिकली. नागपाड्याच्या कठड्यावर आम्हाला वाटायचं, करीम ‘आपल्यातला’ आहे. त्याला घडवणारा माणूसही तितकाच आपला निघेल, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

सगळं बदललं का? नाही. १९७१ मध्ये बिल वॉल्टन मुख्य संघात आला. लाल केसांचा, बंडखोर, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात रस्त्यावर उतरून १९७२ मध्ये अटक झालेला. पुढं तो एक किस्सा रंगवून सांगे. मास्तर म्हणाले, निषेध करायचा तर पत्र लिही. तर त्यानं वुडन यांच्याच छापील कागदावर अध्यक्ष निक्सन यांना राजीनामा मागणारं पत्र लिहिलं आणि सहीसाठी मास्तरांपुढंच ठेवलं. मास्तरांनी सही केली नाही. प्रवासात कोट-टाय हवाच, हा नियम वुडन यांनी तोवर सोडून दिला होता; स्वच्छ, नीटनेटके दिसा म्हणजे झालं. पण केस आणि दाढी यावर ते हटले नाहीत. वॉल्टन केस वाढवून आला तेव्हा ते म्हणाले, केस ठेवायचा तुला पूर्ण हक्क आहे. कुणाला खेळवायचं हे ठरवायचा मला आहे. वॉल्टन सायकलवर टांग टाकून न्हाव्याकडे धावला.

हा किस्सा सांगताना लोक वुडन यांच्या करारीपणाचं कौतुक करतात. मला ते पटत नाही. मोज्यांमागं फोडाचं कारण होतं. केसांमागं काय होतं? जुनी सवय, एवढंच. ज्यांनी स्वतःचा बचाव बदलला, आक्रमण बदललं, त्यांना विशीतल्या पोराच्या केसांपुढं हार मानवली नाही. माणूस मोठ्या गोष्टीत वाकतो आणि लहान गोष्टीत ताठ राहतो, हे आपण घरोघर बघतो.

आणखी एक डाग आहे, तोही झाकू नये. संघाच्या मुलांभोवती एक श्रीमंत कंत्राटदार वावरत असे, त्यांना नियमाबाहेरच्या सवलती मिळवून देत असे. वुडन निवृत्त झाल्यावर, १९८१ मध्ये, विद्यापीठावर कारवाई झाली आणि वर्तमानपत्रांनी जुन्या वर्षांचंही खणून काढलं. वुडन यांनी स्वतः काही घेतलं असं कुणी म्हटलं नाही. पण मोज्याची सुरकुती दिसणाऱ्या डोळ्यांना मुलांच्या अंगावरचे नवे कपडे दिसले नाहीत, हे मला मान्य करणं जड जातं.

१९७५ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, ते थांबले. शेवटचा सामना ३१ मार्चला सॅन डिएगोत झाला आणि समोर होता रप यांचाच जुना केंटकी संघ. त्यात आता गोरी-काळी दोन्ही मुलं होती. यूसीएलए ९२-८५ अशी जिंकली. बारा वर्षांतलं ते दहावं विजेतेपद. पहिल्यासाठी सोळा हंगाम लागले होते. ४ जून २०१० ला, शंभरीला चार महिने कमी असताना, वुडन गेले. शेवटच्या दिवसांत करीम परदेशातून धावत भेटायला आला होता. दोघांचं एक छायाचित्र आहे, त्याच क्रीडागृहातलं. काठी टेकत चालणारे, वाकलेले वुडन आणि त्यांचा हात धरून चालणारा सात फुटी शिष्य. तो इतका खाली झुकला आहे, की दोघांची डोकी जवळ आली आहेत.

मागच्या महिन्याच्या बैठकीत मी कविता नुसती वाचली. चालीशिवाय. दुसऱ्या कडव्याला सवयीनं हात वर गेला, तो मी खिशात घातला. एका ओळीत मात्रा कमी आहे हे मला तीस वर्षांत प्रथमच ऐकू आलं. चाल तेवढी जागा भरून काढत होती. ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. घरी येऊन ती ओळ दुरुस्त करायला बसलो, ती अजून झालेली नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)